सामायिक फोल्डरच्या बॅकअपमधून काय वगळायचे: नियमांची पार्श्वभूमी

नांदेड-लातूरकडच्या एखाद्या छापखान्यातील सामायिक फोल्डर रात्री नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर उतरवायचे ठरले, की काय घ्यायचे यापेक्षा काय वगळायचे हेच आधी ठरवावे लागते. कोरलड्रॉ या चित्ररचनेच्या प्रोग्रॅममध्ये लग्नपत्रिकेत दुरुस्ती करून ती पुन्हा सेव्ह केली की ‘बॅकअप_ऑफ_’ने सुरू होणारी जुनी प्रत शेजारीच तयार होते, आणि लग्नसराईत अशा प्रतींनी डिस्क भरत जाते. त्या टाळण्यासाठी कोणी घाईने ‘*बॅकअप*’ (नावात कुठेही ‘बॅकअप’ असलेले सगळे) असा सैल नमुना लिहिला, तर मालकाने मुद्दाम जपलेले ‘बॅकअप’ नावाचे फोल्डरही सगळ्या मजकुरासह वगळले जाऊ शकते. शिवाय एका साधनातला नियम दुसऱ्यात तसाच चालेल याचीही खात्री नसते.

नमुन्यातील * (कितीही अक्षरे) आणि ? (कोणतेही एक अक्षर) ही चिन्हे 1971 च्या पहिल्या युनिक्स या संगणक प्रणालीत ‘ग्लॉब’ या स्वतंत्र, छोट्या प्रोग्रॅमकडे सोपवलेली होती. नमुना मूळ आज्ञेपर्यंत पोहोचतच नसे. ग्लॉब जुळणाऱ्या फायलींची नावे शोधून तीच पुढे देई. नेटवर्कवरील बॅकअपमध्ये फायली दुसऱ्याच यंत्रावर असल्यामुळे नमुना जसाच्या तसा बॅकअपच्या प्रोग्रॅमला द्यावा लागतो, आणि नावांशी तो ताडून पाहण्याची रीत प्रत्येक साधनाने आपापली ठरवली.

अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांच्या आरसिंक या फायली उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने (1996) या नियमांना बऱ्यापैकी शिस्त आणली. नमुन्याच्या आरंभी / असेल तर तो मुळाशी बांधला जातो, शेवटी असेल तर फक्त फोल्डरला लागू होतो, आणि यादीत आधी जुळणारा नियमच निर्णायक ठरतो. येथे मूळ म्हणजे डिस्कचे नव्हे, तर उतरवायला घेतलेल्या फोल्डरचे; घोटाळा बहुधा इथेच होतो.

ट्रिजेल यांनीच त्याआधी 1992 मध्ये सांबा हा प्रोग्रॅम आणला होता, ज्यामुळे पुढे विंडोजवरील सामायिक फोल्डर युनिक्सवरून वाचता येऊ लागले. क्रेग बॅरॅट यांच्या बॅकअपपीसी या बॅकअपच्या प्रोग्रॅमने (2001) पुढे आरसिंक आणि सांबा या दोन्ही वाटा एकाच ठिकाणी आणल्या आणि प्रत्येक शेअरसाठी (सामायिक फोल्डरसाठी) वेगळी यादी देण्याची सोय केली. मात्र एसएमबी (सांबा वापरते ती विंडोजची फोल्डर सामायिक करण्याची) पद्धतीने बॅकअप घेताना एकाच शेअरला ‘फक्त हे घ्या’ आणि ‘हे वगळा’ अशा दोन्ही याद्या दिल्या, तर वगळण्याची यादी विचारातच घेतली जात नाही. आरसिंक पद्धतीची सवय असलेल्याला हे सहसा लक्षात येत नाही.

देवनागरी नावांनी यात आणखी एक पदर जोडला. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ऱ युनिकोड या अक्षरांच्या सांकेतिक प्रणालीत एकच चिन्ह म्हणून किंवा र आणि नुक्ता (खालचा टिंब) अशा जोडीनेही साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण नावे बाइटनुसार, म्हणजे साठवलेल्या संकेतांवरून, ताडणाऱ्या साधनाला ती दोन वेगळी वाटतात, आणि वगळली म्हणून समजलेली फाईल मुकाट्याने बॅकअपमध्ये जात राहते. अशा फायली एका वेगळ्या फोल्डरात ठेवून वगळण्याचा नियम त्या फोल्डरलाच लावणे अधिक सुरक्षित.