सगळ्याच खुर्च्या बिझनेस क्लासच्या : तिकीट काढण्याआधी वाचा

नमस्कार.

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात हल्ली एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडून येतो. "मुलाने अमेरिकेतून, एडिसनहून लिंक पाठवलीय. नुसत्या बिझनेस क्लासचं विमान आहे म्हणे, भाडंही मोठ्या कंपन्यांच्या मानाने बरं दिसतंय. काढू का?" दर वेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून एकदाच लिहून काढलं. उत्तर आधी सांगून टाकतो. काढायला हरकत नाही, आम्हीही काढून देतो. पण त्या एका तिकिटाच्या भरवशावर पुढचं-मागचं काही बांधू नका. हे पत्रक मुख्यतः या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे.

विमान कसं असतं

दिल्लीला जाताना इंडिगोच्या ए३२१निओमध्ये तुम्ही बसलाच असाल. त्यात २२२ किंवा २३२ खुर्च्या असतात. 'ला कंपनी' नावाची एक फ्रेंच विमान कंपनी याच जातीच्या विमानात फक्त ७६ खुर्च्या ठेवते. एकोणीस रांगा, प्रत्येक रांगेत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. इकॉनॉमी नाही, पडदा नाही, पुढचे-मागचे असा भेद नाही. ही कंपनी २०१४ च्या जुलैमध्ये पॅरिस ते न्यूअर्क या मार्गावर सुरू झाली. न्यूअर्क म्हणजे आपल्या न्यू जर्सीवाल्यांच्या दाराशीच, म्हणून या कंपनीच्या लिंका ठाण्यापर्यंत पोहोचतात. पुढे नीस आणि मिलान इथूनही तिने न्यूअर्कची विमानं सोडली. मालदीवची 'बियाँड' ही अशीच दुसरी कंपनी. २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, ए३१९ मध्ये ४४ खुर्च्या, माले इथून युरोप आणि आखाताकडे.

'बिझनेस क्लास' हे शब्द ऐकून सगळ्या खुर्च्या सारख्याच असतील असं धरू नका. ला कंपनीनेच सुरुवात जुन्या बोइंग ७५७ विमानांवर केली होती, ७४ खुर्च्यांची. त्या खुर्च्या पूर्ण आडव्या व्हायच्या नाहीत, तिरक्या फळीसारख्या राहायच्या. अशा खुर्चीवर रात्रभर माणूस हळूहळू पायांकडे घसरत राहतो आणि सकाळी पाठ बोलते. २०१९ मध्ये ए३२१निओ आलं तेव्हा खुर्च्या पूर्ण सपाट झाल्या. म्हणून तिकीट काढताना आम्ही कंपनीचं नाव पाहतो तसंच विमान कोणतं लागणार तेही पाहतो. तुम्ही स्वतः काढत असाल तर 'फ्लॅट' या शब्दावर थांबू नका, किती अंश ते बघा. १८० असेल तरच झोप.

दोन-दोनच्या मांडणीत खिडकीजवळच्या माणसाला रात्री उठायचं झालं तर शेजाऱ्याचे पसरलेले पाय ओलांडावे लागतात. नवरा-बायकोला यात काही वाटत नाही. एकट्याने जाणाऱ्याने, आणि ज्यांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं त्यांनी, वाटेच्या बाजूची खुर्ची घ्यावी.

चढणं-उतरणं मात्र खरंच सुखाचं. शे-पाऊणशे माणसं, त्यामुळे गेटवर रेटारेटी नाही आणि बॅगाही लवकर येतात. पण न्यूअर्कला इमिग्रेशनची रांग सगळ्यांची एकच. तिथे तुमची खुर्ची कोण विचारतो?

या कंपन्या टिकतात का

बहुतेक टिकल्या नाहीत, आणि हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लंडन–न्यूयॉर्क हा जगातला सगळ्यात कमाईचा मार्ग मानला जातो. २००५ ते २००७ या काळात तिथे अशा तीन कंपन्या उतरल्या. 'इऑस' ७५७ मध्ये केवळ ४८ माणसं बसवायची. 'मॅक्सजेट' ७६७ मध्ये १०२ बसवायची, खुर्च्या ऐसपैस, पण सपाट होणाऱ्या नव्हेत. 'सिल्व्हरजेट' लंडनच्या लूटन विमानतळावरून १०० खुर्च्यांचं विमान सोडायची. मॅक्सजेट २००७ च्या २४ डिसेंबरला बंद पडली, म्हणजे ऐन नाताळच्या आदल्या दिवशी. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या दिवशी एसटी बंद झाली तर जे होईल ते तिथे झालं. इऑस २००८ च्या एप्रिलमध्ये गेली, सिल्व्हरजेट मेच्या अखेरीस. पॅरिसची 'लाव्हियाँ' नावाची चौथी होती. तिला त्याच वर्षी ब्रिटिश एअरवेजने विकत घेतलं, म्हणून तिच्या प्रवाशांचं निभावलं.

त्या वर्षी कच्चं तेल बॅरलला १४७ डॉलरपर्यंत चढलं होतं. इंधनाचा खर्च विमान उडवायचा म्हणजे होतोच, मग आत ४८ माणसं असोत की २००. मोठी कंपनी तो मागच्या दीडशे-दोनशे खुर्च्यांवर आणि पोटातल्या मालावर पसरते, इथे मागचं कोणी नसतंच. शिवाय कंपनीच्या खर्चाने फिरणारा माणूस, ज्याच्यावर हा धंदा चालायचा, त्याला सकाळ-दुपार-संध्याकाळ विमान हवं असतं आणि आपल्या जुन्या कंपनीच्या कार्डावर माइल्सही, म्हणजे प्रवासाचे पॉइंट, हवे असतात. नव्या कंपनीचं दिवसाला एखाद-दुसरं विमान. त्यात मोठे गप्प बसत नाहीत. इऑस आणि मॅक्सजेट लंडनच्या ज्या स्टॅन्स्टेड विमानतळावरून न्यूयॉर्कला जात, तिथूनच २००७ च्या ऑक्टोबरात अमेरिकन एअरलाइन्सने आपलं विमान सुरू केलं. दोघी बंद पडल्या आणि २००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकननेही ते विमान काढून घेतलं.

आपल्याकडेही हा प्रयोग झालाय. चेन्नईची पॅरामाउंट एअरवेज २००५ मध्ये सुरू झाली. लहान एम्ब्रेअर विमानं, सगळी बिझनेस क्लास, मदुराई-कोइंबतूरकडच्या व्यापाऱ्यांसाठी. २०१० मध्ये ती थांबली. पुणेकरांना लुफ्थांसाचं फ्रँकफर्टचं छोटं विमानही आठवत असेल. नाव लुफ्थांसाचं, पण विमान चालवायची प्रायव्हेटएअर ही स्विस कंपनी. २०१८ च्या डिसेंबरात प्रायव्हेटएअर दिवाळखोरीत गेली. अशा व्यवस्थेत प्रवाशाने तिकीट मोठ्या कंपनीकडून घेतलेलं असतं, दाद मागायला ती उभी असते. नवी कंपनी स्वतःच्याच नावावर तिकीट विकते तेव्हा मागे कोणी नसतं.

ला कंपनीने मात्र दहा वर्षं ओलांडली आहेत. तिलाही २०१५ मध्ये लंडनचा, म्हणजे लूटनचा, मोह झाला होता. २०१६ च्या सप्टेंबरात तो मार्ग तिने सोडला. आमच्या मते ती टिकली याचं एक कारण हेच, की तोट्यातून ती लवकर उठते. प्रवाशाच्या बाजूने पाहिलं तर हाच धोकाही आहे. तुम्ही मार्चमध्ये काढलेल्या तिकिटाचा मार्ग ऑक्टोबरात असेलच असं नाही.

मुंबईहून जाणाऱ्यांसाठी खास

इथे आमचे ग्राहक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून सावकाश वाचा.

मुंबईहून एअर फ्रान्सचं विमान पॅरिसला शार्ल द गॉल विमानतळावर उतरतं. ला कंपनी २०१८ पासून ऑर्लीहून सुटते. शार्ल द गॉल शहराच्या उत्तर-पूर्वेला, ऑर्ली दक्षिणेला. मधलं अंतर ठाणे ते पनवेलइतकं धरा. म्हणजे तुम्हाला फ्रान्सचं इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं, बॅगा घ्याव्या लागतात आणि शहर पार करावं लागतं. त्यासाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या बहुतेक देशांचा एकत्र व्हिसा, लागतो. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा पासपोर्टवर आहे म्हणून चालेल, असं इथे नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेले एक काका-काकू अशीच दोन तिकिटं ऑनलाइन काढून बसले होते. मुंबईच्या काउंटरवर शेंगेन व्हिसा मागितला आणि दोघं पहाटे चार वाजता रिक्षाने घरी परतले. तिकिटाचे पैसे गेले ते वेगळेच.

दुसरी गोष्ट पीएनआरची, म्हणजे बुकिंगच्या नंबरची. मुंबई–पॅरिस एका कंपनीचं आणि पॅरिस–न्यूअर्क दुसरीचं असं वेगवेगळं काढलंत तर ते दोन स्वतंत्र प्रवास झाले. पहिलं विमान सहा तास उशिरा पोहोचलं तरी दुसरी कंपनी तुमची वाट पाहणार नाही. तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, आणि बहुतेक वेळा परतीचं तिकीटही त्याच झटक्यात रद्द होतं. म्हणून आम्ही अशा प्रवासात पॅरिसला किमान एक रात्र मुक्काम घालतो. ज्यांना मुक्काम परवडतो आणि आवडतो, व्हिसाही आहे, त्यांच्यासाठी ही चैन छान आहे. आरईआर बी या लोकलने शात्लेपर्यंत येऊन तिथून मेट्रोची १४ नंबरची लाइन धरली की थेट ऑर्ली. ही लाइन २०२४ च्या जूनमध्ये तिथपर्यंत गेली. पण चार बॅगा आणि गुडघेदुखी असेल तर सरळ टॅक्सी करा.

व्हीलचेअर लागत असेल तर दोन्ही पीएनआरमध्ये वेगवेगळी नोंदवावी लागते. एकीकडे सांगितलेलं दुसरीकडे कळत नाही.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना आमचा स्पष्ट सल्ला असा, की मुंबईहून थेट विमान मिळत असेल तर साध्या वर्गाचं घ्या, पुढच्या पायमोकळ्या रांगेचे पैसे भरा, आणि या फंदात पडू नका.

विमान रद्द झालं तर

दोन-चार विमानांच्या कंपनीत एक विमान बिघडलं की वेळापत्रक कोलमडतं. बदली विमान बाहेरून भाड्याने आणलं तर त्यात सपाट खुर्च्या असतीलच असं नाही. अशा वेळी युरोपचा २६१ क्रमांकाचा, २००४ सालचा नियम तुमच्या बाजूने आहे आणि तो चांगलाच कडक आहे. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तो लागू होतो. युरोपीय कंपनी असेल तर अमेरिकेहून परततानाही. ऐनवेळी विमान रद्द झालं आणि दोष कंपनीचा असेल तर ३५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला साधारण ६०० युरो भरपाई मिळते. त्याखेरीज पैसे परत किंवा दुसऱ्या मार्गाने पोहोचवणं यातलं एक तुम्ही निवडायचं. थांबावं लागलं तर जेवण आणि हॉटेल कंपनीचं.

कमी लोकांना माहीत असलेलं कलम हे: बिझनेसचं तिकीट असताना खालच्या वर्गात बसवलं, तर एवढ्या लांबच्या प्रवासात त्या तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम परत करावी लागते. काउंटरवरचा माणूस हसून व्हाउचर पुढे करेल. घेऊ नका. बोर्डिंग पास जपून ठेवा, नव्या खुर्चीचा फोटो काढा, परत आलात की आमच्याकडे द्या. अर्ज आम्ही भरून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

पण कंपनीच बुडाली तर हा नियम कागदावर राहतो. मग प्रश्न उरतो तुम्ही पैसे कसे भरले याचा.

पैसे

फक्त क्रेडिट कार्डाने भरा. सेवा मिळाली नाही तर कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे उलटे फिरवणं, मागता येतो. त्याला मुदत असते, म्हणून बातमी कळली त्याच आठवड्यात अर्ज करायचा. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली आणि गो फर्स्ट ३ मे २०२३ ला. त्या वेळी कार्डवाल्यांना हा एक रस्ता होता. बाकीच्यांना दिवाळखोरीच्या दाव्यात अर्ज भरून बँकांच्या आणि विमानमालकांच्या मागे रांगेत उभं राहावं लागलं.

याच कारणाने अशा कंपनीचं तिकीट आम्ही आमच्या खात्यातून काढत नाही. तुमच्यासमोर, कंपनीच्या साइटवर, तुमच्याच कार्डावरून काढतो. आमच्या मशीनवर कार्ड घासलंत तर बँकेच्या लेखी तुम्हाला सेवा आम्ही दिली, विमान कंपनी चित्रातच येत नाही. येण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून या, कारण नवं कार्ड येतं तेव्हा ते बंदच असतात. रक्कम युरोत जाते, त्यावर बहुतेक बँका २ ते ३.५ टक्के अधिभार लावतात. तो धरूनच भाड्याची तुलना करा. कधीकधी 'स्वस्त' तिकीट तिथेच स्वस्त राहत नाही.

आगाऊ व्हाउचर, दहा फेऱ्यांचे पास, 'आत्ता भरा, तारीख नंतर ठरवा' असल्या योजना घेऊ नका. कंपनीचं पहिलं वर्ष असेल तर प्रवासाच्या फार तर दोन-तीन महिने आधी तिकीट काढा. प्रवास विम्यात विमान कंपनी बुडाल्याची जोखीम धरली आहे का ते पॉलिसीत वाचा. बऱ्याच पॉलिसींत ती नसते. नातीच्या बारशाला किंवा भाच्याच्या लग्नाला जायचं असेल, तारीख हलवता येत नसेल, तर जुन्या कंपनीनेच जा.

जेवण

शाकाहारी जेवण आधी नोंदवावंच लागतं. लहान कंपनीत प्रकारांची यादीही लहान असते, जैन जेवण मिळेलच असं नाही. एकादशी असेल तर राजगिऱ्याचे लाडू बरोबर ठेवा. अमेरिकेत उतरताना आंबे मात्र बॅगेत नसू देत, हापूस असला तरी.

आमचं सेवाशुल्क तिकीट काढतानाच सांगतो. तुम्ही तिकीट रद्द केलंत तर ते परत मिळत नाही. प्रवासाआधी कंपनीच बंद पडली तर मिळतं. येताना पासपोर्ट, असतील ते सगळे व्हिसा, आणि मुलाने पाठवलेली ती लिंक घेऊन या. रविवारी ऑफिस बंद असतं.