सावनदुर्गावर धरायचं कशाला?

सह्याद्रीत भटकून पाय तयार झालेला माणूस सावनदुर्गाच्या पायथ्याशी आला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: इथे धरायचं कशाला? बंगळूरच्या पश्चिमेला, मागडी तालुक्यात हा १,२२६ मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा डोंगर आहे. कपार नाही, टप्पा नाही, हाताला कारवीसुद्धा नाही. नुसती उघडी पाठ, वर वर गेलेली.

आपले सह्याद्रीचे कडे लाव्हाचे थर एकावर एक साचून, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाले. थरांमधला मऊ दगड आधी झिजतो आणि पाऊल मावेल एवढी पट्टी सुटते. सावनदुर्गात थरच नाहीत. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी, जमिनीखाली काही किलोमीटरवर शिलारस थिजला, तो अगदी सावकाश. त्यामुळे स्फटिकांना वाढायला सवड मिळाली. कातळाला नाक लावून पाहिलं तर फेल्डस्पारचे गुलाबी चौकोन, काचेसारखी गारगोटी आणि अभ्रकाच्या काळ्या टिकल्या वेगवेगळ्या दिसतात. जवळच्या रामनगरचं जुनं नाव क्लोजपेट, म्हणून हा 'क्लोजपेट ग्रॅनाइट'.

मग पाठ इतकी गोल कशी? डोक्यावरचा काही किलोमीटर जाडीचा दगड युगानुयुगं झिजून वाहून गेला. ओझं उतरलं तसा दाबलेला ग्रॅनाइट बाहेरच्या बाजूला किंचित फुगला आणि पृष्ठभागाला समांतर भेगा पडल्या. जुन्या भिंतीवरच्या चुन्यासारखे पोपडे सुटू लागले. फरक इतकाच, की इथला पोपडा हातभर जाडही असू शकतो.

अशा उतारावर आपल्याला तोलून धरतं ते घर्षण. झिजताना कठीण कण वर उरतात, पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो आणि बुटाचं रबर त्यात रुतून बसतं. घाबरलेला माणूस मात्र कातळाला बिलगतो आणि तिथेच फसतो. पुढे झुकून हात टेकले, की तळव्यावरचा दाब कमी होतो. पायाला खाली ओढणारं बल मात्र फारसं कमी होत नाही. म्हणून ताठ उभं राहायचं, अख्खा तळवा टेकवायचा. मला हे पटायला दोन चढाया आणि एक फाटलेली पँट लागली.

अपवाद काळ्या पट्ट्यांचा. पावसाचं पाणी जिथून ओघळतं, तिथे नीलहरित शैवाल आणि दगडफूल धरतं. कोरडं असताना ते निरुपद्रवी. ओलं झालं की साबण. पावसाळ्यात मी इथे येत नाही.

माथ्यावर नंदीचा छोटा मंडप आहे. तिथून एका बाजूला मंचनबेले धरणाचं, दुसरीकडे तिप्पगोंडनहळ्ळी धरणाचं पाणी दिसतं. अशा कातळावर किल्ला म्हणजे अभेद्यच वाटावा, पण डिसेंबर १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने तो टिपू सुलतानाकडून घेतला.

उतरताना सवयीने काठी आपटत येतो. सगळीकडे टक्‌ टक्‌ असा भरीव आवाज. एका जागी मात्र तो एकदम बद्द आला, रिकाम्या रांजणावर टकटकावं तसा. खालचा पोपडा तिथे सुटला होता. मी वळसा घालून उतरलो.