जीपीयू ‘कमजोर’ वाटतोय? आधी प्लग पाहा

जीपीयू म्हणजे उभ्या विमानाला बाहेरून वीज देणारं आमचं मशीन. ‘‘तुमच्या मशीनमध्ये दम राहिला नाही, इंजिन उचलत नाही,’’ असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्लगच्या आत शेवटचं कधी डोकावलात? बहुतेकदा उत्तर येतं, ‘‘प्लगला काय होणार आहे?’’ हे माहितीपत्रक त्या उत्तरासाठीच लिहिलं आहे. 28 व्होल्ट डीसीचं मशीन तुम्ही रोज वापरता, त्यामुळे बटणांची ओळख करून देत बसत नाही.

मागे एका ग्राहकाचं एकच मशीन पाठोपाठ तीनदा आमच्याकडे आलं. प्रत्येक वेळी आम्ही ते लोड बँकेला (मशीनवर मुद्दाम भार टाकून पाहणाऱ्या उपकरणाला) जोडलं आणि प्रत्येक वेळी त्याने पूर्ण करंट दिला. पहिल्या दोन खेपांना त्यांनी केबल सोबत पाठवलीच नव्हती. आम्ही आमच्या केबलने तपासत होतो. (ही आमचीही चूक. आता केबलशिवाय मशीन तपासायला घेत नाही.) तिसऱ्या वेळी केबल आली. प्लगच्या पुढच्या रबरी तोंडात टॉर्च मारला तर पॉझिटिव्हचं सॉकेट निळसर काळं पडलेलं, आणि त्याच्या काठावर वितळलेल्या धातूचा मोहरीएवढा मणी. सॉकेटची पकड तपासणारी चाचणीची पिन आत घातली तर ती आपल्या वजनानेच घसरून बाहेर आली.

हा मणी एका दिवसात तयार होत नाही. इंजिन लागलं की खालच्या माणसाला घाई असते. पंखा फिरतोय, गरम वारा येतोय, वैमानिकाने अंगठा दाखवल्यासारखं वाटलं, की हा केबल धरून प्लग तिरका खेचतो. त्या वेळी कॉकपिटमधला बाहेरच्या विजेचा स्विच अजून चालूच असतो.

विमानाकडच्या तीन पिना नीट पाहा. दोन जाड, एक बारीक, आणि बारीक पिन मुद्दाम आखूड केलेली. तिच्यावरूनच विमानातल्या कॉन्टॅक्टरला, म्हणजे मोठा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचला, वीज मिळते. प्लग आत जाताना जाड पिना आधी बसतात आणि कॉन्टॅक्टर शेवटी लागतो. काढताना बारीक पिन आधी सुटते, कॉन्टॅक्टर उघडतो आणि जाड पिना करंट नसताना बाहेर येतात. छान योजना आहे, पण प्लग सरळ निघेल असं गृहीत धरलेली. तिरका ओढला की एका बाजूची जाड पिन सुटू लागते आणि बारीक पिन अजून आतच असते. मग करंट तुटतो तो कॉन्टॅक्टरमध्ये नाही, तुमच्या हातातल्या प्लगमध्ये, ठिणगी पाडून. आणि सरळ ओढला तरी चालू करंट तोडण्याचं काम रोज विमानाच्या कॉन्टॅक्टरवर टाकलं, तर त्याचेही कॉन्टॅक्ट जळतात.

सैल सॉकेटने नेमकं किती बिघडतं, त्याचा हिशोब करून पाहा. तिथे फक्त 2 मिलीओहम जास्तीचा रोध आला असं धरा. साध्या मीटरला तो दिसणारही नाही. स्टार्टर पहिला झटका घेतो तेव्हा 1000 अँपिअरला विमानाकडे 2 व्होल्ट कमी पोचतात. पुढे करंट 500 अँपिअरवर उतरला तरी त्या तळहाताएवढ्या प्लगमध्ये 500 वॉट उष्णता तयार होत राहते. उष्णतेने सॉकेट आणखी ढिलं होतं, आणखी ढिलं झालं की आणखी तापतं. मशीनवरचा मीटर मात्र 28 दाखवत राहतो, कारण तो मशीनच्या तोंडाशी मोजतो. म्हणून फोन करताना आम्हाला विमानातल्या मीटरचा आकडा सांगा, तोही स्टार्टर फिरत असतानाचा.

टर्बाइनला हे दोन व्होल्ट महागात पडतात. पीटी-6 जातीच्या इंजिनात गॅस जनरेटरचा (इंजिनाच्या फिरणाऱ्या गाभ्याचा) वेग किमान 12 टक्क्यांवर गेल्याशिवाय इंधन सोडायचं नसतं, हे तुमच्या वैमानिकांना ठाऊक आहे. वेग रेंगाळला तर एक तर स्टार्ट सोडून द्यावा लागतो, नाही तर कोणी उतावळा इंधन सोडतो आणि तापमानाचा काटा लाल रेषेकडे धावतो. सोडून दिलेला स्टार्टही फुकट नसतो. सेसना कॅरॅव्हॅन या विमानाचंच घ्या: स्वतःच्या बॅटरीवर स्टार्टर 30 सेकंद चालवून 60 सेकंद थांबायचं, पण बाहेरच्या विजेवर 20 सेकंदच चालवायचा आणि 120 सेकंद थांबायचं. बाहेरच्या विजेवर असे तीन प्रयत्न झाले की पुढे एक तास स्टार्टरला हात लावायचा नाही. प्लगपायी सकाळची फेरी तासभर उशिरा निघाली की फोन आम्हालाच येतो.

तेव्हा काढण्याचा क्रम असा ठेवा. इंजिन आयडलवर स्थिरावू द्या. वैमानिक आपला स्विच बंद करेल, मग खूण करेल. त्यानंतर मशीनचं आउटपुट बंद करा, दिवा विझलेला पाहा, आणि मगच प्लगच्या हँडलला धरून, केबलला नाही, सरळ मागे ओढा. झाकण लावा, केबल उचलून न्या. प्लग जमिनीवरून फरफटत नेऊ नका, कारण सॉकेटात गेलेली वाळू पुढच्या वेळी कानशीसारखं काम करते. तुमच्या विमानाच्या पुस्तकात क्रम थोडा वेगळा दिला असेल तर पुस्तक खरं. करंट वाहत असताना प्लग हलवायचा नाही, एवढं मात्र सगळीकडे सारखं.

खुणेबद्दलही थोडं. अंगठा म्हणजे ‘सगळं ठीक’. ‘वीज काढा’ नव्हे. त्यासाठी आंतरराष्ट्रीय संकेतांमध्ये वेगळी खूण आहे. ती खालच्या माणसाने करायची: दोन्ही हात डोक्यावर पूर्ण ताणायचे, डावा तळवा आडवा उघडा आणि उजव्या हाताची बोटं खालून त्याला टेकलेली, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखा आकार. उजवा हात वर नेऊन टेकवला की ‘जोडा’, टेकलेला हात दूर नेला की ‘काढा’. रात्री हीच खूण उजळणाऱ्या कांड्यांनी करतात. वैमानिकाने परवानगी दिल्याशिवाय वीज तोडायची नाही, हे त्याच नियमात लिहिलेलं आहे. आमची माणसं नवं मशीन द्यायला येतात तेव्हा ही खूण तुमच्या लोकांकडून दोनदा करून घेतात. काहींना ते शाळकरी वाटतं. वाटू दे. काही विमानांत प्लगची जागा पंख्यापासून हाताच्या अंतरावर असते. तिथे कोणाला गोंधळायला परवडत नाही.

दुसरी मागणी वारंवार येते: ‘‘करंटची मर्यादा जरा वाढवून द्या.’’ नाही देणार. मर्यादा विमानाच्या पुस्तकातल्या आकड्यावरून लावलेली असते. स्टार्टरच्या शाफ्टमध्ये एक जागा मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते. फाजील जोर आला की तिथे तो तुटतो, म्हणजे पुढचे गिअर वाचतात. ते तुटण्याचं निमित्त आमचं मशीन होऊ नये. विमानाचा प्रकार विचारल्याशिवाय आम्ही मशीन भाड्याने का देत नाही, तेही यातच आलं. 14 व्होल्टच्या काही जुन्या विमानांनाही हाच तीन पिनांचा प्लग बसतो, आणि बसला म्हणजे चालतो असं नाही.

विमानाची बॅटरी अगदी बसलेली असेल तर जीपीयूच्या जोरावर स्टार्ट करून निघण्याचा मोह टाळा. आधी ती चार्ज करा किंवा बदला. हवेत जनरेटर गेला तर कित्येक विमानांत तेवढीच एक वीज उरते.

आमच्याकडे सर्व्हिसला आलेल्या प्रत्येक केबलमध्ये आम्ही चाचणीची पिन घालून पाहतो. पिन घसरली तर प्लगचं पुढचं नाक (सॉकेट असलेला, बदलता येणारा भाग) बदलतो आणि त्याचे पैसे लावतो. ‘‘चालत होतं की!’’ अशी तक्रार येते, म्हणून काढलेलं जुनं नाक पिशवीत घालून मशीनसोबत परत देतो, स्वतः पाहा. संपूर्ण केबल बदलायची गरज क्वचितच पडते, आणि पडत नसेल तर आम्ही तसं सांगतो. नाक तुमचा तंत्रज्ञही जागेवर बदलू शकतो. रोज चार-पाच स्टार्ट होत असतील तर एक सुटं नाक कपाटात ठेवलेलं बरं. मशीनसोबत मागितलंत तर चाचणीची पिनही देतो.

नवं नाक लावण्याआधी विमानाकडच्या पिना बोटाने चाचपून पाहा, अर्थात बॅटरी मास्टर (बॅटरीचा मुख्य स्विच) बंद ठेवून. त्यांना खड्डे पडले असतील तर नवं सॉकेटही त्या लवकरच खातील. त्या पिना बदलणं आमच्या हातात नाही, ते तुमच्या देखभाल अभियंत्याचं काम. पण कुठली पिन गेली आहे, हे फोटो पाठवलात तर आम्ही सांगू.