स्वातंत्र्य दिन (मुंबई)

स्वातंत्र्य दिन : १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारतातील ब्रिटिश सत्ता संपली, त्याप्रीत्यर्थ दरवर्षी पाळला जाणारा राष्ट्रीय सण. मुंबईत मात्र ऑगस्टचे स्मरण १५ तारखेची वाट पाहत नाही; ते ९ तारखेलाच सुरू होते.

१५ ऑगस्ट ही तारीख चळवळीने ठरवलेली नव्हती. डिसेंबर १९२९ मध्ये काँग्रेसने लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० पासून तो दिवस देशभर स्वातंत्र्य दिन म्हणून पाळला जाऊ लागला. गावोगाव झेंडा लावून प्रतिज्ञा वाचली जाई. फेब्रुवारी १९४७ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी जून १९४८ पर्यंत सत्ता सोडण्याचे जाहीर केले. व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनी ती मुदत अलीकडे ओढली आणि दुसऱ्या महायुद्धातील जपानच्या शरणागतीचा दुसरा वर्धापनदिन निवडला. भारतीय स्वातंत्र्य कायद्याला १८ जुलै १९४७ रोजी राजाची संमती मिळाली. २६ जानेवारीलाही पुढे न्याय मिळाला : १९५० साली राज्यघटना त्याच दिवशी अमलात आणली गेली.

मुंबईला आपली वाटणारी तारीख ९ ऑगस्ट, म्हणजेच क्रांतिदिन. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री गोवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला. (१८८५ साली काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले ती गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळाही याच परिसरातली.) पहाटेपूर्वीच गांधीजींसह बडे पुढारी पकडले गेले. तरी सकाळी मैदानात लोक जमलेच, आणि अरुणा असफअली यांनी तिरंगा फडकवला. त्यानंतर काही महिने उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. नोव्हेंबरात त्या पकडल्या गेल्या. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या नाविक तळावर खलाशांनी बंड केले, तेव्हा गिरणगावातील कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर आले आणि गोळीबारात शेकडो माणसे दगावली. शालेय पुस्तकांत या बंडाला मिळणारी जागा फारच तोकडी आहे. अखेरची ब्रिटिश पलटण, सॉमरसेट लाइट इन्फंट्री, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गेटवे ऑफ इंडियातून बाहेर पडली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सहा महिने उलटून गेल्यावर.

राज्याचा मुख्य समारंभ मंत्रालयात होतो. १९७४ पासून १५ ऑगस्टला ध्वजारोहणाचा मान मुख्यमंत्र्यांकडे आहे. त्याआधी तो राज्यपालांचा होता. मुख्य ध्वजारोहण सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी असते आणि ८.३५ ते ९.३५ या वेळात इतर शासकीय-निमशासकीय कार्यालयांनी आपला कार्यक्रम ठेवू नये, असा शासनाचा शिरस्ता आहे. त्यामुळे शाळांची मुले कडक इस्त्रीच्या गणवेशात भल्या सकाळीच मैदानात उभी असतात.

चाळीत आणि सोसायटीत हा कारभार एखाद्या जाणत्या माणसाकडे असतो. झेंड्याच्या घडीत फुलांच्या पाकळ्या भरायच्या, केशरी पट्टा वर राहील असे पाहायचे आणि दोरीच्या एका झटक्यात सुटेल अशी सरकगाठ मारायची. पावसाने दोरी फुगली की गाठ अडते, पाकळ्या ओल्या होऊन कापडालाच चिकटतात, आणि अध्यक्ष दोरी ओढत असताना खालून चार जण चार सूचना करतात. राष्ट्रगीत, दोन भाषणे, मुलांच्या हातावर गोळ्या किंवा बुंदीचा लाडू, आणि घरी परतताना कोपऱ्यावरच्या मंडपातून पाव किलो जिलेबी. सार्वजनिक सत्यनारायण मात्र बहुतेक ठिकाणी २६ जानेवारीसाठी राखलेला. ऑगस्टच्या पावसात मंडपाचा भरवसा कोण देणार?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि महापालिकेच्या इमारतीवर तिरंगी रोषणाई होते, ती पाहायला रात्री फोर्टात गर्दी लोटते. दारूची दुकाने बंद असतात. दुसऱ्या दिवशी रस्त्यात पडलेले कागदी झेंडे ही दरवर्षीची तक्रार; ते फेकू नयेत असे ध्वजसंहिता सांगते, म्हणून काही शाळा आणि मंडळे मुलांकडून ते गोळा करून घेतात.