सोनामुखी रात्रीच का घ्यायची?

कोल्हापुरात काष्ठौषधीच्या दुकानात पोट साफ करणारी सोनामुखी मागितली, की पुडी बांधता बांधता दुकानदार न विचारताच सांगतो, ‘रात्री झोपताना घ्या.’ एरंडेलाचं उलटं. आमच्या घरी ते रविवारी सकाळी सुंठीच्या काढ्यातून मिळायचं आणि दुपारी ताटात रस्सा पडेपर्यंत सगळं उरकलेलं असायचं. ही दोन्ही वेळापत्रकं आज्यांना तोंडपाठ. कारण कळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

सोनामुखी वैद्यकात रूढ केली ती अरब हकिमांनी, नवव्या शतकाच्या सुमारास. आपल्याकडे तिचं नाव जोडलं गेलंय ते तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीशी. 1941 साली स्विस रसायनशास्त्रज्ञ आर्थर श्टोल आणि सहकाऱ्यांनी तिच्यातून सेनोसाइड नावाची द्रव्यं वेगळी केली. गंमत अशी, की ती स्वतः जवळपास निष्क्रिय असतात. लहान आतड्यात फारशी शोषली न जाता मोठ्या आतड्यात पोचतात. तिथले जिवाणू त्यांच्यातली साखर तोडून ऱ्हाइन अँथ्रोन तयार करतात. खरं औषध ते. शेवटचा काढा आपल्याच पोटात होतो म्हणा ना, आणि त्याला 6 ते 12 तास लागतात. म्हणून रात्री घेतली, की सकाळी काम होतं.

पुढचा हिशेब पाण्याचा. मोठ्या आतड्यात रोज साधारण दीड लिटर पाणी येतं. 100-200 मिली सोडून बाकीचं परत शोषलं जातं. अँथ्रोनमुळे आतड्याची हालचाल वाढते, हे खरंच. पण सोडियम आणि पाण्याचं शोषणही मंदावतं, क्लोराइड पोकळीत पाझरतं आणि त्यामागून पाणी. 2014 मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की अँथ्रोनमुळे प्रोस्टाग्लँडिन हे संदेश देणारं रसायन वाढतं आणि आतड्याच्या अस्तरातली अ‍ॅक्वापोरिन-3 ही पाण्याची दारं कमी होतात.

एरंडेलाला जिवाणूंची वाट पाहावी लागत नाही. लहान आतड्यातच त्यातून रिसिनोलिक आम्ल सुटतं. ते पेशींवरच्या ईपी-3 या ग्राहीवर (संदेश झेलणाऱ्या रेणूवर) काम करतं, हे 2012 मध्ये जर्मनीत सापडलं.

‘झाडपाल्याचं आहे, अपाय नाही’ हे मात्र ऐकू नये. रोज घेतलं तर रक्तातलं पोटॅशियम घसरू शकतं, आतड्याचं अस्तर काळपट पडतं. 2002 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कोरफडीच्या काळ्या बोळाची, म्हणजे तिच्या वाळवलेल्या रसाची, विनाचिठ्ठी मिळणारी रेचकं बंद केली. सुरक्षिततेचे पुरावे कुणी दिलेच नव्हते. आपल्याकडे काळा बोळ सोनामुखीच्या शेजारच्याच बरणीत असतो.