कलर केलेले केस आणि स्विमिंग पूल: उडी मारायच्या आधी वाचा

एप्रिल लागला की आमच्या पार्लरमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अहो ताई, महिन्यापूर्वीच तर कलर केला होता, गेला कुठे?" मग बोलता बोलता कळतं की मुलांना समर बॅचला सोडायला जाता जाता आईनेही बॅच लावलीय. लावा की, छानच आहे, पोहणं सोडा असं आम्ही कधीच सांगणार नाही. फक्त कलरचे पैसे पाण्यात जाऊ नयेत म्हणून हा कागद.

आधी थोडं समजून घ्या. केसावर बाहेरून माशासारखे बारीक खवले असतात. पर्मनंट कलर लावतो तेव्हा त्यातला अमोनिया हे खवले उघडतो आणि कलरमध्ये मिसळायच्या डेव्हलपरमधल्या पेरॉक्साइडमुळे रंग आत जाऊन तयार होतो. आता पूलमधलं क्लोरीनही त्याच जातीचं आहे, म्हणजे ऑक्सिडायझर, त्यामुळे ते तुमचा रंग थोडा थोडा मोडत राहतं आणि केसाचं स्वतःचं तेल पण धुऊन नेतं. प्रमाण तसं फार नसतं, नीट ठेवलेल्या पूलमध्ये साधारण १ ते ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात एक ते तीन भाग, पण रोज पाऊण तास महिनाभर डुंबलात की हिशोब वाढतो, वरून ओपन पूल असेल तर ऊन पण रंग उडवतं. बरगंडी आणि लाल शेड आधी जातात. हायलाइट्सवाल्यांनी तर जास्तच जपायचं, कारण ब्लीच केलेल्या केसाचे खवले पूर्वीसारखे मिटतच नाहीत.

आणि हो, पूलला डोळे चुरचुरणारा उग्र वास आला म्हणजे क्लोरीन जास्त, हा गैरसमज आहे. तो वास बहुतेक वेळा घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळून जे तयार होतं त्याचा असतो. यावर जास्त बोलत नाही, आधी शॉवर घेऊन उतरा एवढंच.

आता हिरव्या केसांची गोष्ट. निफाडकडच्या आमच्या एक ताई, मार्चमध्ये छान गोल्डन हायलाइट्स करून गेल्या आणि मेमध्ये ओढणी गुंडाळून आल्या. ओढणी काढली तर पुढच्या दोन बटा अशा दिसत होत्या जशी कल्हई गेलेली, कळकलेली पितळेची परात. त्या म्हणाल्या, क्लोरीनने वाट लावली. क्लोरीनने नाही हो, तांब्याने! शेवाळ होऊ नये म्हणून पूलमध्ये बऱ्याचदा मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, टाकतात, कधी हीटरच्या आणि पाइपच्या तांब्याचा अंश पाण्यात उतरतो, आणि ब्लीच केलेले केस तो धरून ठेवतात. काळ्या केसात तो दिसत नाही एवढंच. मोरचूद म्हटल्यावर ताईंना लगेच पटलं, घरी द्राक्षबाग, मोरचूद-चुन्याच्या बोर्डो फवारणीनंतर माणसांचे कपडे कसे होतात ते त्या दरवर्षी बघतात.

मग करायचं काय? सगळ्यात कामाची गोष्ट फुकट आहे. पाण्यात उतरायच्या आधी नळाखाली उभं राहून केस मुळापासून टोकापर्यंत निथळेपर्यंत भिजवा. साबुदाणा एकदा पोटभर भिजला की वरून कितीही पाणी ओता, तो आणखी पीत नाही, केसाचं तसंच. कोरडा केस आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी ओढून घेतो, ते चांगलं पाणी आधी ओढू दे, मग पूलचं कमी जाईल. अगदीच जाणार नाही असं नाही, तासाभरात थोडी अदलाबदल होतेच, पण फरक डोळ्याला दिसतो. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

त्यावर चमचाभर खोबरेल, हातावर चोळून फक्त लांबीला आणि टोकांना. खोबरेलच का, तर ते केसाच्या आत शिरतं, मिनरल ऑइल वरच बसून राहतं. पण तेल गळेपर्यंत थापू नका, पाण्यावर तवंग आला की पूलवाले ओरडतात आणि त्यांचं बरोबरच आहे. तेल चालत नसेल तिथे लीव्ह-इन, म्हणजे न धुता तसंच ठेवायचं, कंडिशनर लावा.

कॅप सिलिकॉनची घ्या. कापडी लायक्राच्या कॅपमधून पाणी आरपार जातं, ती फक्त केस तोंडावर येऊ नयेत म्हणून, आणि लेटेक्सची काढताना केस उपटते. मानेकडून थोडं पाणी कुठल्याही कॅपमध्ये शिरतं, म्हणून कॅप आहे तर भिजवायची काय गरज, असं करू नका.

बाहेर आलात की तिथल्या तिथेच केस धुवा. टॉवेल गुंडाळून, वाटेत भाजी घेऊन, घरी जाऊन चहा झाल्यावर धुणार असाल तर तेवढा वेळ क्लोरीन डोक्यातच आहे. रोज शॅम्पू नको, साध्या पाण्याने खळखळून आणि टोकांना कंडिशनर पुरे. मोठ्या दाताचा कंगवा वापरा, ओला केस ताणला की तुटतो. आठवड्यातून एकदा चिलेटिंग शॅम्पू, लेबलवर घटकांमध्ये ईडीटीए दिसेल, ते तांबं धरून बाहेर काढतं. आमच्याकडे आहे, आमच्याकडूनच घ्या असं काही नाही, पण रोज वापरू नका, रंग पण ओढतो.

घरगुती उपायांबद्दल खूप जण विचारतात. खायच्या सोड्याने खवले आणखी उघडतात, नको. लिंबू लावून उन्हात बसणं तर अजिबातच नको. व्हिटॅमिन सी क्लोरीन मारतं हे खरं, पण गोळ्यांची पेस्ट करून अर्धा तास ठेवलीत तर कलर पण उतरेल, मगभर पाण्यात चिमूटभर टाकून ओतायचं आणि लगेच धुवायचं, बस. हिरवेपणा जायला टोमॅटो केचप लावा असं नेटवर वाचलं असेल, आमच्या मते ते सामोशाबरोबरच ठीक.

बॅच एक तारखेला सुरू होणार असेल तर कलर आठवडाभर आधी करून घ्या किंवा सरळ बॅच संपल्यावर या. आदल्या दिवशी कलर आणि सकाळी सहाला पूल, असं केलं तर आम्ही काहीच करू शकत नाही. नुसत्या मेंदीचा रंग केसाला पक्का धरतो त्यामुळे मेंदीवाल्यांना ताण कमी, पण "काळी मेंदी" म्हणून जे पाकीट मिळतं ते बहुतेक वेळा डायच असतो, त्याला वरचं सगळं लागू. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारणाऱ्यांनी मात्र कलर त्यानंतरच करावा, तिथे आमचा इलाज नाही!

आणि एक, खुर्चीत बसल्या बसल्या सांगा की तुम्ही पोहता. लपवू नका, आम्ही रागावत नाही. केसात तांबं असताना वरून ब्लीच किंवा डेव्हलपर लावलं तर केस गरम होऊन तुटू शकतो, म्हणून पोहणाऱ्यांची आतली एक बारीक बट कापून आम्ही आधी वाटीत टेस्ट करतो, त्याचे पैसे घेत नाही. सोमवारी बंद असतं, बाकी दिवशी फोन करून या, शनिवार-रविवारी नुसतं आलात तर थांबावं लागेल.