ज्ञान कोणाच्या पायांनी चालतं?

एका उद्योगाचा पुंजका (क्लस्टर) उभारायचा म्हणजे सवलतीची जमीन, करमाफी आणि नावात ‘सिलिकॉन’ हा शब्द, अशी समजूत बऱ्याच सरकारांची दिसते. बारसं आधी, मूल मागाहून! एकाच धंद्यातल्या कंपन्या शेजारी बसवल्या की नवे शोध आपोआप लागतील, हा त्यामागचा भाबडा हिशेब.

शेजाराचा फायदा मात्र खरा आहे. आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने 1890 मध्येच त्याची तीन कारणं सांगितली होती: कुशल कामगार सहज मिळतात, सुटे भाग पुरवणारे जवळ येतात आणि धंद्यातल्या खुब्या एकाकडून दुसऱ्याकडे पाझरतात. पहिली दोन मोजता येतात. पाझर कसा मोजायचा?

1993 मध्ये तीन संशोधकांनी यावर सुंदर युक्ती काढली. नवं पेटंट घेताना त्यात आधीच्या पेटंटांचा हवाला द्यावा लागतो. एखाद्या जुन्या पेटंटचा हवाला देणारं पेटंट त्यांनी घेतलं आणि त्याच्यासाठी एक जोडीदार शोधला: तंत्रशाखा तीच, काळ साधारण तोच, पण हवाला न देणारा. जोडीदार कशासाठी? एका गावात एकच धंदा जमला असेल तर तिथली पेटंटं एकमेकांशेजारी दिसणारच. तेवढ्याने पाझर सिद्ध होत नाही. जोडीदारामुळे ही गर्दी हिशेबातून वजा होते. कंपनीने स्वतःलाच दिलेले हवालेही त्यांनी वगळले. तरीही हवाला देणारी पेटंटं मूळ पेटंटच्याच शहरातली असण्याचं प्रमाण जोडीदारांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघालं.

पेटंट तर कुठेही बसून वाचता येतं. मग अंतर आड का येतं? कारण कागदावर न उतरलेलं बरंच काही, म्हणजे कोणता प्रयोग फसला, यंत्र कुठे अडतं, हे माणसांच्या डोक्यात असतं आणि नोकरी बदलली की त्यांच्याबरोबर जातं. 1957 मध्ये ट्रान्झिस्टरचे एक जनक विल्यम शॉकली यांची कॅलिफोर्नियातली प्रयोगशाळा सोडून आठ जणांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी काढली. त्यांच्यातल्या दोघांनी 1968 मध्ये इंटेल. हे त्याच खोऱ्यात, म्हणजे आजच्या सिलिकॉन व्हॅलीत, घडू शकलं, त्याला कायद्याचाही हातभार होता. ‘नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही’ असे करार कॅलिफोर्नियात 1872 पासून सहसा चालत नाहीत. उलट मिशिगनमध्ये 1985 च्या कायदेबदलात अशा करारांवरची बंदी बहुधा नकळतच उठली, आणि त्यानंतर तिथल्या संशोधकांचं नोकरी बदलणं कमी झालं.

जर्मनीने 1995 मध्ये बायोरेगिओ स्पर्धेत वेगळा डाव टाकला. जैवतंत्रज्ञानाचा निधी सगळ्यांना सारखा वाटण्याऐवजी प्रदेशांनाच आपापसांत स्पर्धा करायला लावली. 17 प्रदेश उतरले, तिघांना मुख्य बक्षीस मिळालं.

तैवानचं शिंचू विज्ञान उद्यान 1980 मध्ये सुरू झालं, तेही सरकारीच. पण तिथे जमिनीच्या आधी माणसं तयार होती. सरकारी संशोधन संस्थेने 1976 पासून आपले अभियंते अमेरिकेत आरसीए कंपनीकडे चिप बनवायला शिकण्यासाठी पाठवले होते. पुढे त्याच संस्थेतून 1980 मध्ये यूएमसी आणि 1987 मध्ये टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपन्या निघाल्या, तिथल्या अभियंत्यांना सोबत घेऊन.